शेटजींच्या माळ्यावरचा वेढा

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. चार रिकामटेकडे रोज एका जागी बसले की ते आपोआप साचतात. पारोळ्यात आमची जागा म्हणजे पंकजचा माळा. खाली त्याच्या वडिलांचं, शांतिलाल शेटजींचं, साड्यांचं दुकान. वर पंकजची लढाई.

खरी नव्हे. कुठल्याशा इंग्रजी कादंबरीत राजाच्या किल्ल्याला राक्षसांचा वेढा पडतो. तोच याने थर्माकोल, पुठ्ठा आणि बोटाएवढे सैनिक घेऊन उभा केलाय. दोन वर्षं रंगवतोय. यंदा शेटजींनी सांगून टाकलं, "लग्नसराईचा माल यायच्या आत माळा रिकामा पाहिजे. नाहीतर मीच झाडू घेऊन येतो." तेव्हापासून पंकजचं तोंड त्या वेढ्यातल्या राजासारखं झालं.

मी सातवी नापास, कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आयुष्य गेलेलं. पंकज मला रोज बजावतो, "नाना, कशाला हात लावू नका."

म्हणून मी लावला. पोळ्याचा मातीचा बैल राक्षसांच्या रांगेत सारून दिला. पंकजने न बघताच फोटो नेटवर टाकला. परदेशातल्या कोणी विचारलं, हे जनावर कादंबरीत कुठे आहे? दुसऱ्याने चक्क पान नंबर दिला!

"नाना, हा बैल कोणाचा?" पंकज दातओठ खात म्हणाला.

"आता राक्षसांचा. पानासकट पुरावा आहे."

आमचा किशोरभाऊ शेतकरी. पंकजने त्याला मोबाईलवर त्याच लढाईचा सिनेमा दाखवला. दहा हजार घोडे डोंगरावरून सुटतात, पंकजच्या अंगावर काटा येतो. किशोरभाऊ शांतपणे म्हणाला, "इतला घोडासले चारा कोण टाकस?"

पंकजने सिनेमा बंद केला. तिसऱ्या दिवशी किल्ल्याच्या मागे गवताची गंजी दिसली.

मग जंगल हवं झालं. पंकजने कपाशीच्या बारीक काड्या निवडून, उंचीप्रमाणे जुड्या बांधून किशोरभाऊच्या मळ्यात ठेवल्या. रविवारी तिथेच भरीत-पार्टी. आम्ही पोचलो तर अक्का, म्हणजे किशोरभाऊची आई, त्याच जुड्यांवर वांगी भाजत होती.

"अक्का, ते जंगल होतं," पंकज रडवेला झाला.

"मंग काय व्हयनं? राक्षस काय उन्हमा मरतस का?"

भरीत मात्र त्यानेच सगळ्यात जास्त खाल्लं.

शेवटी मालाचा ट्रक आलाच. हमाल गठ्ठे घेऊन शिडीशी उभे. शेटजी झाडू घेऊन वर चढले. पंकजची वर जायची छाती होईना, खाली बसून एकाच साडीची चारदा घडी घालत होता.

झाडूचा आवाज काही येईना. बऱ्याच वेळाने वरून हाक आली, "पंकज, मागच्या दाराला माणूस का नाही?"

"कादंबरीत तसंच आहे, पप्पा. राक्षस तिथूनच शिरतात."

"लिहिणाऱ्याने कधी दुकान चालवलेलं दिसत नाही."

तेवढ्यात नरडाण्याहून लग्नाच्या खरेदीला अख्खं कुटुंब आलं, नवरी मुलगी धरून अकरा जण. हमाल ताटकळलेले. मी शिडीखाली जाऊन म्हटलं, "शेटजी, मोठं गिऱ्हाईक आलंय."

"बसवा त्यांना, चहा सांगा," वरून आवाज आला. "आणि हमालांना म्हणावं, गठ्ठे खालीच ठेवा. राजा अजून आत अडकलाय."