मांजरींचं सहभोजन

बाबा छापखान्यात कंपोझिटर होते. चळवळीची पत्रकं छापून उरली की ती आमच्या घरी यायची. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. माझ्या लहानपणी परीकथा नव्हत्या. 'बंधूंनो आणि भगिनींनो' होतं, उद्गारचिन्हं होती आणि एक राक्षस होता. त्या राक्षसाचं नाव 'हळूहळू'. विहीर खुली होईल, हळूहळू. वस्तीबाहेर भाड्यानं खोली मिळेल, हळूहळू. हा शब्द नेहमी पोट भरलेला माणूसच वापरतो, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

तो शब्द आमच्या घरात पहिल्यांदा वहिनीच्या तोंडून आला. तोही मांजरींवरून.

वहिनी मौद्याची. तिच्या वडिलांचं तिथे किराण्याचं दुकान, आणि जात आमच्याहून वरची, म्हणजे त्यांच्या हिशेबानं. माझा भाऊ खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कामाला होता. दोघांनी कोर्टात लग्न केलं आणि माहेरनं तिला मेल्यात जमा केलं. भावाला अजून क्वार्टर मिळालं नव्हतं, म्हणून ती आमच्याकडे राहायची आणि तो सुटीला यायचा. लग्नानंतर काही आठवड्यांनी मौद्याहून निरोप आला: तुझी मांजर खाऊन नाही राहिली, घेऊन जा. भाऊ गेला. त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. हातातून हातात द्यायला नको म्हणून मांजर थैलीत घालून ओट्यावर ठेवली होती. त्यानं थैली उचलली आणि एसटीनं घरी आला.

ती पिवळी मांजर. आमच्या घरात मायची कबरी आधीपासून होती. पहिल्याच दिवशी दोघींनी एकमेकींच्या अंगावर झेप घेतली आणि छपराच्या कवेलूंपर्यंत केस उडाले. त्यानंतर रोज तेच. दूध सांडायचं, अंथरुणं घाण व्हायची, शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, "काहून वं, सासू-सून भांडून राहिल्या का मांजरी?"

मायनं एक दिवस स्पष्ट सांगितलं, "पाह्य वं, माही मांजर पह्यलेपासून आहे. या दोघीयचा झगडा मिटला नाही तं तुही मांजर बाहेर."

वहिनीचा चेहरा उतरला. कारण मला ठाऊक होतं. मौद्याकडून आमच्या वस्तीत एक दूधवाला यायचा. वहिनीची आई त्याच्याबरोबर कधीमधी निरोप पाठवायची, आणि तो नेहमी एकच असायचा: "मांजर खाते का?" मुलीबद्दल अक्षर नाही. वहिनी दारात उभी राहून उत्तर द्यायची, "खाते म्हणा. आधी करमत नव्हतं तिले, आता करमते." असं सांगताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची. मांजर गेली असती तर तो निरोपही गेला असता. तेवढा एकच धागा तिच्याकडे उरला होता.

मी म्हटलं, हा प्रश्न मी सोडवते. पत्रकांत उपाय होता: एक पंगत, एक ताट. जे एकत्र जेवतात ते एकमेकांना तोडत नाहीत. मी एका थाळीत भाकरी कुस्करून वर सुकट घातली आणि दोन्ही मांजरी दोन हातांनी आणून थाळीशी सोडल्या.

थाळी उलटी झाली. पिवळीचा कान फाटला. सोडवायला धावलेल्या मायच्या हातावर कोपरापर्यंत ओरखडे उठले. रक्त पुसत माय म्हणाली, "मोठी आली सहभोजनवाली! आता तुह्या पत्रकाचीच पट्टी बांध माह्या हाताले."

मग वहिनीनं काम हातात घेतलं. तिच्या माहेरी दुकानातल्या उंदरांसाठी नेहमी दोन-तीन मांजरी असत. तिनं संत्र्याची रिकामी पेटी आणली, तिच्या फळ्या मोकळ्या केल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात आडव्या ठोकल्या. फटीतून दिसेल, पण जाता येणार नाही. कबरी आत, पिवळी बाहेर. दोन बशा, दोन टोकांच्या भिंतींशी. दोघींची गोणपाटं ती अधूनमधून अदलाबदल करायची, म्हणजे एकीला दुसरीचा वास पाठ व्हावा.

माझं डोकं फिरलं. "आमच्या घरात वेगळ्या बशा? मधे भिंत? हे तुमच्या मौद्यात चालत असेल, इथे नाही!"

"मांजरीच आहेत बाई त्या," वहिनी म्हणाली. "त्यायले तुमचं पत्रक वाचता येत नाही. हळूहळू होते."

हळूहळू! मी बाबांकडे पाहिलं. वाटलं, आता तरी ते उठतील. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. "मांजरायले संविधान लागू नसते, बेटा," एवढंच म्हणाले. मी दोघांशीही बोलणं टाकलं.

पण बघत राहिले. न गुरगुरता जेवण झालं की दुसऱ्या दिवशी वहिनी दोन्ही बशा वीतभर फळ्यांकडे सरकवायची. फिसकारलं की पुन्हा मागे, पुन्हा दोन्ही. एकट्या एकीची कधी सरकवली नाही. बशा फळ्यांना टेकल्या. मग एक फळी निघाली, मग दुसरी. उन्हाळा लागला तेव्हा दोघी एकाच बशीत तोंड घालत होत्या. एका दुपारी माठाखालच्या ओल्या जागेवर दोघी पसरलेल्या दिसल्या, पिवळीची शेपटी कबरीच्या पोटावर. माय म्हणाली, "बाप्पा! जमलं तं." आणि सुकटीचा पहिला तुकडा त्या दिवशी तिनं आपल्या हातानं पिवळीला दिला.

वहिनीनं दूधवाल्याला सांगितलं, "आईले सांगजा, आता भांडत नाही. येऊन पाहून जा म्हणा."

आणि काय आश्चर्य, होकार आला. वहिनीनं घर सारवलं, शिरा केला. मायनं लग्नात आलेला स्टीलचा ग्लास राखेनं घासून लखलखीत केला. वहिनी मला म्हणाली, "म्हटलं होतं ना बाई, हळूहळू?" तिचा चेहरा असा उजळला होता की मी त्या शब्दाशी असलेलं वैर तेवढ्या दिवसापुरतं बाजूला ठेवलं.

तिची आई आली. बाजेच्या अगदी काठावर बसली. हातात एक रिकामी थैली होती. पिवळी कबरीशेजारी जेवत होती, ती ओल्या मिशांनी उठली आणि थेट तिच्या मांडीत शिरली. बाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं, कुरवाळलं. मायनं पाण्याचा ग्लास पुढे केला. "घ्या विहीणबाई."

"नको. उपास आहे."

"पाणी तं चालते उपासाले."

"निर्जळी आहे आज."

माझ्या ओठांवर अख्खं पत्रक आलं होतं. वहिनीनं डोळ्यांनीच मला थांबवलं. मायनं ग्लास खिडकीत ठेवला.

बाई म्हणाल्या, "बाकीच्या मांजरी गेल्या, दुकानात उंदरं लय झाले वं. पोते फाडून राहिले. इले घेऊन जाते."

तेव्हा कळलं ती थैली कशासाठी होती. ही आई मुलीला बघायला आलीच नव्हती.

वहिनी शांतपणे म्हणाली, "तुह्या घरी चालन का ही? इथलंच खाल्लं तिनं. त्या कबरीच्या बशीत."

"मांजराले काय होते वं?"

"मंग मले काय झालं?"

वहिनीनं खिडकीतला ग्लास आणून त्यांच्यासमोर धरला. "पाणी पी, अन् घेऊन जा."

बाईंनी ग्लासाकडे पाहिलं, मग मांजरीकडे. उंदरांनी फाडलेली पोती त्यांना दिसत असणार. शेवटी त्यांनी मांजर खाली सोडली, थैलीची घडी केली आणि उठल्या. दारातून म्हणाल्या, "उपास आहे म्हटलं ना." आणि गेल्या.

मायनं तो ग्लास मांजरींच्या बशीत ओतला. दोघी लगेच डोक्याला डोकं लावून पिऊ लागल्या.

दूधवाला त्यानंतरही यायचा. निरोप पुन्हा आला नाही.

मांजरींना जमलं, कारण त्यांच्या दोन्ही बशा सरकत होत्या. इथे वहिनीनं आपली बशी घर, जात, आईबाप सोडून आमच्या दारापर्यंत आणली होती, आणि आम्ही आमची ग्लासासकट पुढे केली होती. समोरची एक बोटभर हलली नाही. तरी 'हळूहळू'चा उपदेश मात्र आयुष्यभर आम्हालाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला चूल पेटत नव्हती. वहिनीनं कोपऱ्यातल्या संत्र्याच्या पेटीच्या फळ्या घेतल्या, गुडघ्यावर मोडल्या आणि एकेक करून आत सारल्या. माय म्हणाली, "राहू दे वं, कामी येतीन कधी."

"नाही येत," वहिनी म्हणाली आणि शेवटची फळीही आत ढकलली.