जाळीत मारलेला चेंडू

माझं लग्न ठरलं तेव्हा मिरजगावात कोणी विचारलं, जावई काय करतो, तर वडील चाचरत म्हणायचे, "नगरला कॅम्पात साहेबांसंगं चेंडू खेळतो. पगार हाय." ऐकणारा हसायचा. खेळायचा पगार! मलाही खरं वाटत नव्हतं. पण आमचे हे खरोखरच छावणीतल्या क्लबात टेनिसचे मार्कर होते. गोऱ्या अधिकाऱ्यांना खेळ शिकवायचा, कुणाला जोडीदार नसला की त्याच्याशी खेळायचं. लढाईचे दिवस. साहेब सारखे बदलायचे, काम तेच.

वर्षभरानं एकदा यांचा डबा घरी राहिला, तो द्यायला क्लबात गेले आणि तिथल्या माळ्याच्या बायकोजवळ मेंदीच्या कुंपणाआड उभी राहिले. समोर लठ्ठ कर्नल होता. हे त्याला इकडून तिकडं नुसतं नाचवत होते. माझी छाती फुगली. मग अगदी लहान पोरानं मारावा असा सोपा चेंडू आला, तो यांनी सरळ जाळीत घातला. पुढचाही तसाच. कर्नल जिंकला. यांनी वाकून सलाम केला. मी डबा माळ्याच्या बायकोच्या हाती दिला आणि तशीच घरी आले.

संध्याकाळी हे घरी आल्यावर विचारलं, "मुद्दाम हरलात?"

"व्हय," भाकरी मोडत ते म्हणाले. "साहेब रोज हरला तर खेळायला येईल का?"

"आन् तुमाला काय वाटत न्हाई?"

"वाटतं की. म्हनून तर वर्साला पुण्याला जातो. तिथं मार्करलोकांची स्पर्धा असती. समदे पगारी. कुनी कुनाला सोडत न्हाई."

त्या वर्षी मी हट्टानं बरोबर गेले. पुण्यात माझी मावशी होती, तीही खेळ बघायला आली. यांच्यासमोर मुंबईचा एक मार्कर होता, केस पिकलेले, पाय अनवाणी. हा काय टिकतो, असं मला वाटलं. तो जागचा फारसा हललाच नाही. हे मात्र धावत होते, घसरत होते. गुडघा फुटला, सदरा मातीनं माखला. घरात आवाज न चढवणारा माझा नवरा चेंडू मारताना ओरडत होता. एवढं करून हरले, तेही पहिल्याच फेरीत. नगरात साहेबांना नाचवणारा माणूस इथं कुणीच नव्हता!

"जा, पानी दे त्याला," मावशी हळूच म्हणाली. "खचला असंल."

मी लोटा घेऊन गेले, तर हे हसत होते. त्या म्हाताऱ्याला म्हणत होते, "चाचा, तो शेवटचा कसा मारला? दाखवा की." म्हातारा रिकाम्या हातानं दाखवत होता. मला बघून म्हणाले, "बघितलास का त्येंचा हात?"

मी लोटा त्यांच्या हातात दिला आणि मावशीकडं परत आले.

ते पुढंही दरसाल जात राहिले. एकदा दोन फेऱ्या जिंकले, त्यापुढं कधी गेले नाहीत. गोरे गेले, आपले अधिकारी आले, यांची नोकरी टिकली. मी मात्र पुन्हा बघायला गेले नाही.

त्या पहिल्या खेपेला पुण्याहून परतताना मोटारीत मावशीच्या दशम्या त्यांनी चवीनं खाल्ल्या. मी माझी दशमी तशीच फडक्यात बांधून ठेवली; जिवाच्या आकांतानं खेळूनही हरलेले हे माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.