शून्याचा अर्थ

ऑफिसात सगळे तिला वहिनी म्हणत. दवाखान्यांतल्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती तिने अकरा वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळली.

तीन वर्षांपूर्वी त्या चौथीचा सपोर्ट आणखी दोन वर्षं चालू ठेवायचा का, यावर गुप्त मतदान झालं. मतदार एकवीस, त्यात वहिनीही. बाजूने दहा, विरोधात सात, तटस्थ चार. तटस्थ मताला तिथे 'शून्य' म्हणत. दहा हे साताहून जास्त असतात हे कुणालाही कळतं, साहेबांना तेवढं कळलं नाही. एकविसातले अकरा हवेत, ज्याने शून्य दिलं त्याने 'हवं' म्हटलेलं नाही, असा अर्थ त्यांनी लावला आणि इतिवृत्तात सहीनिशी लिहून ठेवला.

चौथी बंद झाली. वहिनीची रवानगी इतिवृत्तं लिहायच्या टेबलावर झाली. पुढे सहा महिने नर्सबाईंचे फोन मात्र तिलाच यायचे. "ताई, पेशंटची यादीच उघडत नाहीये." तिच्या हातात काही उरलं नव्हतं. प्रत्येक फोन ठेवताना ती दातओठ खायची. विसरणाऱ्यांतली ती नव्हेच.

या सोमवारी पाचवीवर तीच वेळ आली. पाचवी म्हणजे साहेबांचं स्वतःचं लेकरू. मतदार तेच, निकाल वाचायचा वहिनीने. बाजूने दहा, विरोधात आठ, शून्य तीन.

साहेब खुर्चीत सैलावले. "दहा विरुद्ध आठ. मंजूर."

"नाही साहेब, नामंजूर."

"अहो वहिनी, शून्य धरायचेच नसतात."

वहिनीने फाइलमधून तो जुना कागद काढला आणि तारखेपासून सहीपर्यंत सावकाश वाचून दाखवला. "मधे कुणी नियम बदललाय का?" तिने विचारलं. कुणीच बदलला नव्हता. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. वहिनीला बरं वाटलं, खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

सगळे गेल्यावर साहेब दारात घुटमळले. "एका मताने गेलं हो. ते तीन शून्यवाले कोण, तेवढं तरी सांगा."

"दोघांचं मला माहीत नाही, मतदान गुप्त असतं," वहिनी कागद परत फाइलला लावत म्हणाली. "तिसरं माझं."