खाणीच्या तळ्यात अडकलेली अर्नाळ्याची होडी

निमंत्रणपत्रिका आली तेव्हा मी डाळ निवडत बसले होते. 'निसर्गरम्य सरोवराचे उद्घाटन व नौकाविहार' असं जाड अक्षरांत छापलेलं, खाली तारीख. ती खोडून वर शाईने दुसरी लिहिलेली, आणि तीही खोडून शेजारी तिसरी. पाठवणारे बापूराव, म्हणजे ह्यांचे आतेभाऊ. आगाशीला राहतात आणि तिकडच्या सुशोभन समितीचे चिटणीस आहेत. विरारच्या पूर्वेला, मनवेलपाड्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी दगडाची एक जुनी खाण होती. चांगला दगड संपला, खाली पाणी लागलं, तेव्हा खाणवाले बोजाबिस्तरा उचलून शेजारच्या टेकडीवर गेले आणि मागच्या खड्ड्यात पाणी साठलं. खड्ड्यात पाणी साठलं की तुम्ही-आम्ही त्याला डबकं म्हणतो. समिती नेमली की त्याचं सरोवर होतं.

"जायचं का?" ह्यांनी विचारलं. हे बँकेत कारकून. घरात काय किंवा बाहेर काय, आवाज चढवायची सवयच नाही.

"आपल्या गिरगावात नळाला तासभर पाणी येतं, तेवढंसुद्धा मला धड बघायला मिळत नाही. आता परगावचं पाणी बघायला जाऊ?" मी म्हटलं. म्हटलं खरं, पण जीव आसुसला होता. लग्न झाल्यापासून फिरायला म्हणून आम्ही गेलोय ते एकदा माहेरी आणि एकदा दवाखान्यात. शनिवारी दुपारी ट्रंक घेऊन निघालो.

विरारला उतरून आगाशीला टांगा केला. जाणाऱ्यांनी टांग्याचं भाडं बसायच्या आधी ठरवावं. आम्ही बसल्यावर ठरवलं, म्हणजे टांगेवाल्याने ठरवलं. पण रस्ता काय सांगू! दोन्ही बाजूंना केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, पाटात खळखळतं पाणी आणि अशी गार सावली की माझं डोकं दुखायचं थांबलं. बापूरावांच्या घरी चहाबरोबर सुकेळी आली. केळी उन्हात वाळवून केळीच्याच पानात बांधतात, चव मधासारखी. येताना जरूर आणा. बाजारात घ्या, नातेवाइकांवर अवलंबून राहू नका.

रात्री जेवताना बापूरावांनी सरोवराचा इतिहास सांगितला. खोदकामाचा नव्हे, समितीचा. नाव काय ठेवायचं ह्यावर समितीत दोन तट पडले होते. एका तटाला देवाचं नाव हवं होतं, दुसऱ्याला अध्यक्षांच्या वडिलांचं. शेवटी पाटी कोरीच रंगवून ठेवली. उद्घाटन दसऱ्याला व्हायचं होतं, पण पाहुण्यांना वेळ नव्हता. मग दिवाळीनंतर ठरलं, तेव्हा पाहुण्यांचा घसा बसला. आता संक्रांतही झाली.

"पण वहिनी, नौकाविहार म्हणाल तर साऱ्या जिल्ह्यात नाही!" बापूराव म्हणाले. "खास अर्नाळ्याहून होडी आणवली आहे. अस्सल समुद्रावरची!"

"खाणीत समुद्रावरची होडी कशाला हो, भावोजी?"

"शोभेला," ते म्हणाले, आणि त्यांनी कढीची वाटी तोंडाला लावली.

रविवारी सकाळी बैलगाडीने विरार, मग रेल्वेचं फाटक ओलांडून मनवेलपाड्यापर्यंत गाडी. पुढे पायी. नुसत्या चपला घालून जाऊ नका, वाटेवर खडीचे तुकडे असे पसरलेत की माझा अंगठा दोनदा फुटला. समारंभ दहाचा होता आणि आम्ही आठलाच पोचलो. बापूराव मांडवाकडे पळाले, हे त्यांच्याबरोबर खुर्च्या मांडायला गेले. मी एकटीच तळ्याला फेरी मारायला निघाले.

फेरीची वाट चुना मारलेल्या दगडांनी आखली आहे. अर्ध्या वाटेवर 'फुले तोडू नयेत' अशी पाटी, आसपास फूल नाही. पुढे पिंजऱ्यात लावलेलं एक रोप, म्हणजे पिंजरा आहे, रोप शेळीने नेलं असावं. ती शेळी शेजारीच रवंथ करत उभी होती. बाकं चार आहेत आणि छान आहेत, पण पावसाळ्यात पाणी काठोकाठ होतं तेव्हा ती मांडलेली. आता पाणी पार खाली गेलंय. बाकावर बसलं की समोर नुसता कातळ दिसतो आणि पाणी बघायला उठून कडेशी जाऊन वाकावं लागतं. तिथे 'कडेला जाऊन वाकू नये' अशी पाटी आहे.

मी वाकले. आणि खरं सांगते, बघतच राहिले. काळ्या, तासलेल्या भिंती सरळ खाली उतरलेल्या, तळाशी हिरवंगार पाणी, आणि त्यावरून एक खंड्या निळी रेघ ओढल्यासारखा गेला. अगं बाई, किती सुंदर! समितीने काही केलं नसतं तरी इतकंच सुंदर दिसलं असतं. आणि त्या हिरव्या पाण्यात, खड्ड्याच्या तळाशी, पुढच्या निमुळत्या, नक्षीदार नाळेची एक होडी एकटीच उभी होती.

दगडाच्या गाड्या वर आणायला पूर्वी खाणीत एक उतरण केली होती, तेवढीच वाट पाण्यापर्यंत जाते. त्या उतरणीवर एक कोळीण बसली होती. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, अंबाड्यात अबोली, आणि नजर होडीवर. नाव विचारलं तर जानकीबाय म्हणाली. मी शेजारी टेकले.

"होडी छान आहे," मी म्हटलं.

"आमचीच हाय, बाय." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आठ दिसांचं सांगून आनली. तवा पानी इथवर होतं." तिने मागे, उतरणीच्या अगदी वरच्या टोकाकडे हात केला. "गारीवरून उतरवली नि लोटून दिली, झालं. मंग दसरा गेला, दिवाली गेली. पानी खाली गेलं, तशी होरी बी खाली गेली."

"मग ओढून न्यायची ना वर!"

"वढाया चालीस मानसं लागतीन. सगलं गाव दर्यावं, मासलीचे दिस हायेत. रिकामा मानूस कुठून आनू? माझा घरवाला दामू, स्वताची होरी असून दुसऱ्याचे होरीवं खलाशी म्हनून जातो. घरी येतो नि भिंतीकडं तोंड करून निजतो. बोलत नाय." तिने पदराने तोंड पुसलं. "आज दीराला नि दोन बैलगाऱ्या घेऊन आल्ये. म्हटलं, कार्यक्रम झाला का समितीचे पाया परू, मानसं मागू."

मी तशीच उठले आणि मांडवात बापूरावांना गाठलं.

"भावोजी, समारंभ झाला की त्या बाईची होडी वर काढून द्या."

"वहिनी, ते आता शक्य नाही. रोज नौकाविहार म्हणून जाहीर झालंय. समितीने ठराव केला आहे, होडी इथेच राहील. पावसाळ्यात पाणी वर आलं की विचार करता येईल."

"आणि तोवर त्यांनी खायचं काय?"

"अहो, त्यांच्या होडीची केवढी कीर्ती होतेय!" ते म्हणाले, आणि फुलांच्या माळा मोजायला वळले. असा संताप आला म्हणता! ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे मुकाट्याने खुर्च्या पुसत होते. ह्यांच्याकडून भावाला एक शब्द जाणार नाही हे मला ठाऊक होतं. मी पाय आपटत पुन्हा उतरणीवर गेले आणि जानकीबायला ठराव सांगितला. ती पांढरीफटक पडली.

वर लोक जमायला लागले होते. शाळेची मुलं, बँडवाले, समितीचे टोपीवाले, गिरीजहून आलेले बागाईतदार. जानकीबाय त्यांच्याकडे बघत म्हणाली, "मानसं तर मोप हायेत, बाय. पन त्यांना वढा म्हनून सांगंल कोन?"

आणि मला एकदम सुचलं. "काम आहे म्हणून सांगितलंत तर कुणी बोट लावणार नाही," मी म्हटलं. "रीत आहे म्हणून सांगा. तुमची जुनी रीत. आमच्या लोकांना दुसऱ्यांच्या रीती फार आवडतात."

ती तोंडाला पदर लावून हसायला लागली.

पाहुणे साडेअकराला आले. गोरे, गोल, रेशमी उपरणं. त्यांनी फीत कापली आणि भाषणाला उभे राहिले. "ह्या निसर्गरम्य परिसरातली ही नीरव शांतता..." एवढं म्हणतात तोच शेजारच्या टेकडीवरच्या खाणीत सुरुंग उडाला. धडाम्! बँडवाल्यांना ती खूण वाटली, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. बँड थांबवेपर्यंत पाहुणे भाषणातली जागा विसरले, आणि आमचा अर्धा तास वाचला.

मग नौकाविहार. बापूराव पाहुण्यांना हाताला धरून उतरणीवर घेऊन आले. खाली डुलणारी होडी दिसली मात्र, पाहुण्यांचा चेहरा दवाखान्यात सुई पाहिलेल्या मुलासारखा झाला. त्यांना पाण्याची भीती वाटते हे कुणालाही कळलं असतं. "आज जरा गुडघा..." ते पुटपुटले. "नुसता एक फोटो, साहेब!" बापूराव म्हणाले.

तेवढ्यात जानकीबाय पुढे आली. होडीला बांधलेल्या जाड दोराचं टोक तिच्या हातात होतं.

"साहेब, आमची रीत हाय. मोठा मानूस आला का आधी होरी कोरडीवं वढायची. पयला हात मोठ्या मानसाचा. त्याबिगर होरीत पाय ठेवू नये."

"कोरडीवर? म्हणजे आत बसायचं नाही?" पाहुण्यांनी विचारलं.

"आज नाय बसायचं, साहेब. आज निस्ती वढायची."

पाहुण्यांच्या जिवात जीव आला. "वा! वा! हीच आपली थोर लोकपरंपरा!" ते सगळ्यांकडे वळून गरजले, आणि त्यांनी उपरणं कमरेला बांधून दोर धरला. पाहुण्यांनी धरला म्हटल्यावर अध्यक्षांनी धरला. अध्यक्षांनी धरला म्हटल्यावर त्यांच्याविरुद्धच्या तटाने धरला, नाहीतर फोटोत मागे पडले असते. मागे बागाईतदार, मास्तर, मुलं, तुतारीवाला. हे मांडवातून धावत आले आणि बापूरावांच्या पाठीमागेच उभे राहिले. मीही पदर खोचून शेपटाला लागले.

"हय्या हो!" जानकीबायच्या दीराने आरोळी दिली आणि तो नाळेखाली ओंडके सरकवायला लागला. होडी पाण्यातून वर आली. मेली काय जड होती! हात सोलून निघाले. एक ढांग, दुसरी ढांग. मध्येच ती थांबली आणि पुन्हा मागे घसरायला लागली, तेव्हा जानकीबाय किंचाळली. कुणी दोर सोडला असता तर सगळंच संपलं होतं.

आणि नेमके तेव्हाच बापूरावांनी वर पाहिलं. उतरणीच्या टोकाला दोन बैलगाड्या मागे वळवून तयार उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडलेला मला मागून त्यांच्या मानेवर दिसला. "साहेब, एक मिनिट, ही रीत..." त्यांनी तोंड उघडलं.

"हय्या होऽऽ!" त्यांच्या कानाशी कुणीतरी एवढ्या जोरात ओरडलं की कातळातून तीनदा परत ऐकू आलं. हेच होते! तोंड लालबुंद, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पोरं खूश झाली, सगळ्यांनी तीच आरोळी उचलली आणि बापूरावांचे शब्द त्यात बुडाले. मला वाटलं, माणूस सहलीला आलाय, चढलाय जरा उत्साह. होडी वर गेली ती थेट गाड्यांवरच चढली.

"आता पुढे काय असतं?" पाहुण्यांनी घाम पुसत विचारलं.

"आता दर्याला नेयाची, साहेब," जानकीबाय म्हणाली.

"अवश्य न्या!" पाहुणे म्हणाले. त्यांना ती जितकी लांब जाईल तितकी हवी होती. फोटोग्राफरने फोटो काढला. बापूरावांना हसावंच लागलं.

आगाशीपर्यंत आमचा परतीचा रस्ता तोच, म्हणून आम्ही गाड्यांमागून चालत गेलो. बापूराव मागेच राहिले, तळ्याशी काम आहे म्हणाले. आगाशीच्या बाजारात दुकानदार फळ्या सोडून होडी बघायला बाहेर आले. आम्हीही घराकडे न वळता तसेच पुढे गेलो आणि उतरत्या उन्हात अर्नाळ्याच्या किनाऱ्याला पोचलो. दामू नुकताच दुसऱ्याच्या होडीवरून उतरत होता, डोक्यावर मासळीची पाटी. त्याने आपली होडी पाहिली, पाटी वाळूत ठेवली आणि तिच्या फळीला दोन्ही हात लावून उभाच राहिला.  मग त्याने डोळे पुसले आणि बायकोवर खेकसला, "रंग पार घालवला मेल्यांनी!" कित्येक महिन्यांनी बोललेलं पहिलं वाक्य असावं, कारण जानकीबाय ते ऐकून रडता रडता हसली.

गिरगावात परत येऊन आज चार दिवस झाले. सरोवर कसं आहे म्हणून चाळीत विचारतात. जा, बघून या. पाणी फार सुंदर आहे, चार बाकं आहेत, नौकाविहार नाही. बापूरावांकडे उतरायचं आमचं मात्र बहुधा संपलं. ह्यांना लहानपणापासून दर मे महिन्यात तिथे आंबे मिळायचे.

काल रात्री ह्यांच्या सोललेल्या तळव्यांना खोबरेल लावताना मला राहवेना. "एक सांगू? ती रीतबीत काही नव्हती," मी म्हटलं. "मीच तिला शिकवलं."

"माहीत आहे," हे म्हणाले. "दर मे महिन्यात मी अर्नाळ्याला पोहायला जायचो. अशी रीत असती तर मला कळली असती."

"मग बापूराव बोलायला लागले तेव्हा..."

"म्हणून तर ओरडलो," हे म्हणाले, आणि त्यांनी दुसरा तळवा पुढे केला.