उताराखालची भिंत

नगरपालिकेत नकाशे काढणाऱ्या बाईंना सगळे रेघताई म्हणत, कारण त्यांची रेघ कधी वाकडी जात नसे. नव्या स्केटपार्कचा नकाशाही त्यांनीच मन लावून काढला होता. पण गाड्या लावायला जागा हवी म्हणून साहेबांनी कुंपणाची भिंत आत घ्यायला लावली आणि ती थेट स्केटिंगच्या उताराच्या पायथ्याशी आली.

"साहेब, वेगात उतरलेलं पोर थांबणार कुठे?"

"मंजुरी मिळालीय. आता खोडा घालू नका."

रेघताई आठवडाभर तोंड शिवून बसल्या. पण नागरिकांच्या सभेत त्याच नकाशाला आईबाप टाळ्या वाजवू लागले, तेव्हा त्यांना राहवेना. त्या उठल्या, नकाशातल्या भिंतीवर बोट ठेवलं आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

काम थांबलं. नकाशा फेरतपासणीला गेला आणि रेघताईंची बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली. दोन वर्षं उलटली, तरी पोरं रस्त्यावरच गाड्या चुकवत स्केटिंग करतात. परवा भाचीच्या कोपराला सात टाके पडले.

"आत्या, तू गप्प बसली असतीस तर पार्क झालं असतं ना?"

"झालं असतं," रेघताई म्हणाल्या.