माउंट विल्सनची लाल पानं आणि ह्यांची चतुर्थी

गेल्या शनिवारी आम्ही इथं ऑस्ट्रेलियात माउंट विल्सनच्या डोंगरावर लाल पानं बघायला निघालो होतो. मी आणि आमचे हे. पानं काही बघितली नाहीत... पण जे झालं ते लिहून टाकते, नाहीतर डोक्यातून जायचं नाही. सातवीपर्यंत शिकलेली बाई आहे मी, शुद्धलेखन काढत बसू नका.

ही पानं म्हणजे लई नखऱ्याची. इथली पानगळ एप्रिल-मेमध्ये, त्यात थोडेच दिवस लाल होतात आणि गळतात. दोन वर्षांपूर्वी ईस्टरला गेलो तर सगळं हिरवंगार. गेल्या वर्षी मी ज्या किचनमध्ये पोळ्या लाटते तिथला रोस्टर, म्हणजे कामाच्या पाळ्यांचा तक्ता, आडवा आला, मदर्स डेला पोचलो तर झाडांचे नुसते खराटे. लोकांनी तुडवलेली पानं उचलून फोटो काढले आणि आलो.

यंदा मुलीने फोनवर बघून सांगितलं, "आई, धिस वीकेंड इज पीक. संडेला खूप विंड आहे, देन इट्स ऑल गॉन." म्हणजे शनिवारच. आणि शनिवारी नेमकी संकष्टी.

ह्यांचा उपास कडक. चहा, फार तर एखादं फळ, बाकी चंद्र बघितल्याशिवाय काही नाही. हे म्हणाले, पुढच्या शनिवारी जाऊ. मी म्हटलं, "पानं काय तुमच्या चतुर्थीसाठी थांबणार आहेत?"

ह्यांना डायबेटिस आहे. साखर खाली आणणारी गोळी असते, सकाळी नाश्त्याबरोबर घ्यायची. उपासाच्या दिवशी ती मी देत नाही, रिकाम्या पोटी साखर फारच खाली जाईल म्हणून... हे आमचं आपलं घरातलं डोकं, डॉक्टरला कधी विचारलं नाही. त्या दिवशी मी मोदकांचा डबा भरत होते, संध्याकाळी येताना परस्पर देवळात न्यायचा होता. त्या घाईत रोजच्या हाताने गोळी काढली आणि ह्यांच्या हातावर ठेवली. ह्यांनी बिनसाखरेच्या चहाबरोबर गिळली. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

वाटेत बिल्पिन गावाला रस्त्याकडेला सफरचंदं विकायला होती. हे म्हणाले, "जरा थांबू या का? गळल्यासारखं होतंय."

मी म्हटलं, "येताना. वर ढग आले तर रंग दिसायचा नाही." असं म्हटलं मी. स्वतःच्या तोंडाने.

पुढे डोंगराचा रस्ता, अरुंद, वळणावळणाचा. आणि अचानक धुकं. बॉनेटच्या पुढचं दिसेना. इथंही गाडी डावीकडून, म्हणजे दरी माझ्या बाजूला... मी दाराची मूठ धरून बसले.

गाडी हळूहळू माझ्याकडे सरकायला लागली. मी म्हटलं, "अहो, उजवीकडे घ्या." गाडी सरकतच होती. बघते तर एवढ्या थंडीत कपाळावरून घाम गळतोय. मग हे शांतपणे म्हणाले, "नाशिक फाटा गेला का?"

आम्ही ऑस्ट्रेलियात आहोत हेच ह्यांना माहीत नव्हतं, आणि स्टिअरिंग ह्यांच्या हातात.

कडेची खडी टायरखाली वाजली. मी ओरडले, थांबवा, थांबवा! ऐकू येतच नव्हतं. शेवटी मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. जुनी गाडी, वेग कमी, म्हणून थांबली... माझ्या खिडकीतून खाली फक्त पांढरं दिसत होतं. रस्ता नाही, गवत नाही, काही नाही.

फोनला रेंज नाही. मला गाडी येत नाही. ह्यांचे हात थरथरत होते आणि तेव्हा मला ती सकाळची गोळी आठवली.

डबा उघडला. मोदक फोडून नुसतं गुळाचं सारण बोटावर घेतलं आणि ह्यांच्या तोंडापाशी नेलं. तर ह्यांनी दात गच्च मिटले. "उपास आहे," म्हणतात. "चंद्र उगवायचाय."

बायको कोण, गाव कोणतं, काही शुद्ध नाही. पण उपास लक्षात! मी रडले, शिव्या दिल्या, गालावर एक लगावलीसुद्धा. तोंड उघडेना. डोळे मिटायला लागले होते...

तेवढ्यात समोरच्या धुक्यात सूर्य दिसला. अगदी पांढरा, गोल, थंडगार. मी ह्यांची हनुवटी धरून मान तिकडे वळवली. "अहो, उगवला! तो बघा चंद्र. नमस्कार करा."

ह्यांनी बघितलं. हात जोडले. आणि लहान पोरासारखं तोंड उघडलं.

मी गूळ भरवत राहिले. एकेक बोट, गिळेपर्यंत थांबून. मागून एका यूटमधून, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून, म्हातारा-म्हातारी आले. तिने काचेवर टकटक केलं, "यू राइट, लव्ह?" मी नुसतं "शुगर, शुगर" म्हणत होते. तिला कळलं. तिने लेमोनेडची बाटली दिली, तो रस्त्यावर उभा राहून गाड्या थांबवत होता. मग त्यानेच आमची गाडी बिल्पिनपर्यंत खाली आणली, ती मागून यूट घेऊन आली. अँब्युलन्स येईपर्यंत दोघं हलले नाहीत. नावं विचारायची राहिली. थँक यूसुद्धा मी मराठीत काय बोलले ते देवाला माहीत.

डॉक्टरने मला झापलं, बरोबर झापलं. तुमच्या घरी असे उपासवाले असतील तर आधी विचारा. माझ्यासारखं स्वतःचं डोकं चालवू नका.

रविवारी वारा आला. पानं गेली असतील.

घरी आल्यावर हे सगळ्यांना फोन करून सांगतायत, एवढं झालं पण माझा उपास मोडला नाही, चंद्र बघूनच सोडला. मी गोळी कुणी दिली ते सांगितलं, चंद्राचं नाही सांगितलं. आता हे वाचतील तेव्हा कळेल. चिडतील माझ्यावर...

चिडू देत. पोटभर चिडू देत.