व्हिएन्नाला पोचले त्या सकाळी

काल इथे सिडनीत पॅरामॅटाहून घरी येताना ट्रेनमध्ये शेजारच्या बाईने संत्रं सोललं, आणि त्या वासाने मला व्हिएन्नातली एक सकाळ आठवली.

दादाकडे व्हिएन्नाला गेलेले बाबा तिथेच आजारी पडले होते. व्हिसा येईपर्यंत दहा दिवस मी सिडनीहून रोज फोन करायचे. दादा म्हणायचा, "आत्ताच झोपलेत गं."

तो विमानतळावर घ्यायला आला. शहरात जाणाऱ्या ट्रेनमध्ये त्याने माझ्यासाठी संत्रं सोललं. एकेक फोड हातावर ठेवत तो बाहेरचे चर्चचे कळस दाखवत होता, आणि मी चक्क कौतुकाने बघत होते.

स्टेशनवर उतरल्यावर बॅग खाली ठेवून तो म्हणाला, "बाबा गेल्या आठवड्यातच गेले. सगळं उरकलंय."

"आणि रोज फोनवर?"

"तुला एकटीला तिथे कसं सांगणार होतो?"

मी त्याच्याच गळ्यात पडून रडले, कारण तिथे जवळचं दुसरं कोणीच नव्हतं. तेव्हा ती त्याची माया वाटली. आता वाटतं, मी बाबांना शेवटचं बघायचं की नाही, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं.

अजूनही दादा "सगळं ठीक आहे" म्हणाला की फोन ठेवून मी लगेच वहिनीला फोन लावते.